माझं सेशन नेमकं कोणतं? डेटाबेसवर काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांतले साखर कारखाने, पतसंस्था, मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या पेढ्या, कुठेही जा, डेटाबेस बंद तर व्यवहार बंद. तिथल्या संगणक विभागातल्या मंडळींकडून आणि इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींकडून हे प्रश्न सारखे येतात. आपण आत्ता ज्या कनेक्शनवर बसलो आहोत त्याची ओळख डेटाबेसलाच विचारायची, नावावरून किंवा मशीनवरून अंदाज बांधायचा नाही, एवढं पक्कं झालं की पुढचे बरेचसे घोळ टळतात. कमांड आणि कॉलमची नावं फोनवर सांगतो तशी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा.

यूजरचं नाव माहीत आहे, मग सेशन वेगळं ओळखायची गरज काय?

नाव एक असतं, सेशन अनेक असतात. कारखान्याच्या वजनकाट्यांचंच बघा. चार काटे असले तरी चारही ठिकाणी लॉगिन ‘काटा’ याच यूजरने होतं, कारण सॉफ्टवेअर बसवताना तसंच ठरलेलं असतं. चारही काटे एकाच टर्मिनल सर्व्हरवरून चालत असतील तर मशीनचं नाव एकच, ऑपरेटिंग सिस्टीमचा यूजर एकच, प्रोग्रामचं नावही एकच. ऑरॅकल डेटाबेसमधली चालू सेशनची यादी, म्हणजे व्ही डॉलर सेशन, उघडून बघितलं की चार सारख्या ओळी समोर येतात. त्यातली तुमची कोणती हे कुणीही डोळ्यांनी सांगू शकत नाही.

यूजर म्हणजे खातं. कनेक्शन म्हणजे तुमच्या प्रोग्रामपासून सर्व्हरपर्यंतची जोडणी. त्या जोडणीवर लॉगिन झाल्यावर सर्व्हर तुमच्यासाठी जे स्वतंत्र खातेपान उघडतो ते सेशन: तुमचं अपुरं ट्रान्झॅक्शन (अजून कायम न केलेले बदल), तुम्ही धरलेली लॉक (बदलत असलेल्या ओळीवरचा ताबा), तुमच्या तात्पुरत्या टेबलांतला डेटा, तुमच्या तारखेचा फॉरमॅट, सगळं त्या सेशनपुरतं. लॉक ‘काटा’ या यूजरने धरलेलं नसतं, त्या यूजरच्या एका ठरावीक सेशनने धरलेलं असतं. म्हणून अडचण सोडवताना नाव उपयोगाचं नाही, सेशनचा नंबर लागतो.

ऑरॅकलमध्ये स्वतःच्या सेशनचा नंबर कसा काढायचा?

ऑरॅकलमध्ये या नंबराला एसआयडी म्हणतात. सगळ्यात सरळ: सिलेक्ट सिस अंडरस्कोर कॉन्टेक्स्ट, कंसात ‘यूजरएन्व्ह’ स्वल्पविराम ‘एसआयडी’, फ्रॉम ड्यूअल. १०जी आवृत्तीपासून हे चालतं आणि याला कुठलीही वेगळी परवानगी लागत नाही.

जुना रस्ता म्हणजे व्ही डॉलर मायस्टॅट. या व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या वाचायच्या यादीत) फक्त तुमच्याच सेशनची आकडेवारी असते, शेकडो ओळी, आणि प्रत्येक ओळीत तोच एसआयडी. म्हणून ‘व्हेअर रोनम बरोबर १’ लावून एक ओळ घ्यायची. दोन्ही बरोबरच आहेत. मी पहिला सुचवतो, कारण दुसऱ्यासाठी व्ह्यू वाचायची परवानगी मागत बसावं लागतं.

एसआयडी मिळाला की व्ही डॉलर सेशनमध्ये त्या नंबरची ओळ शोधा. तिथे सीरियल नंबर, लॉगऑन टाइम, मॉड्यूल, स्टेटस, कोण अडवतंय, सगळं दिसतं. सर्व्हरवरचा ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रोसेस नंबर हवा असेल तर या ओळीतला पीअ‍ॅड्र हा व्ही डॉलर प्रोसेसच्या अ‍ॅड्रशी जोडा आणि तिथला एसपीआयडी घ्या. लिनक्सवर टॉप कमांडमध्ये सीपीयू खाणारी प्रोसेस दिसली की याच जोडणीने उलटं येता येतं: एसपीआयडीवरून सेशनकडे.

मी यूजरएन्व्हमधून ‘सेशनआयडी’ मागितला. आकडा आला, पण तो एसआयडीशी जुळत नाही.

जुळणारच नाही, ती वेगळी गोष्ट आहे. सेशनआयडी मागितल्यावर मिळतो तो ऑडिटचा नंबर, म्हणजे व्ही डॉलर सेशनमधला ऑडएसआयडी. नावामुळे इथे भलेभले फसतात. जुन्या काळात एसआयडी थेट मिळत नव्हता, तेव्हा लोक ‘व्हेअर ऑडएसआयडी बरोबर यूजरएन्व्ह सेशनआयडी’ अशी अट लावून आपली ओळ काढायचे. ती क्वेरी आजही कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये तशीच पडून आहे आणि बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते. चुकते तेव्हा मात्र त्रास होतो, कारण एकाच्या जागी अनेक ओळी परत येतात.

चुकण्याच्या जागा ओळखून ठेवा. सिस (ऑरॅकलचं मुख्य खातं) म्हणून लॉगिन केलेल्या सगळ्या सेशनचा ऑडएसआयडी ४२९४९६७२९५ असा एकच येतो. हा ३२ बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे, खरी ओळख नव्हे. दुसरी जागा पॅरलल क्वेरी. हंगामाच्या शेवटी ऊसबिलांचा मोठा रिपोर्ट आठ प्रोसेस लावून चालवला तर त्या मदतनीस सेशनना मूळ सेशनचाच ऑडएसआयडी मिळतो.

तिसरी जागा मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. ऑरॅकलच्या एसक्यूएल प्लस या टूलमध्ये सेट ऑटोट्रेस ऑन (क्वेरीचा खर्च दाखवणारी सोय) करून आकडेवारी मागा आणि दुसऱ्या विंडोतून व्ही डॉलर सेशन बघा. तुमच्या एका लॉगिनच्या दोन ओळी दिसतील. ऑडएसआयडी सारखा, पीअ‍ॅड्र सारखा, एसआयडी मात्र वेगवेगळे. पहिल्या सेशनची मोजदाद करताना मोजणाऱ्याचा खर्च त्यात मिसळू नये म्हणून एसक्यूएल प्लस त्याच जोडणीवर दुसरं सेशन उघडतो. कनेक्शन आणि सेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नव्या मुलांना पटवायला मी नेहमी हेच करून दाखवतो, कारण ते दोन मिनिटांत डोळ्यांसमोर दिसतं.

एसआयडी आहे ना, मग सीरियल नंबर कशाला?

एसआयडी पुन्हा वापरला जातो. गाडीतळावर टोकन नंबर रोज एकपासून सुरू होतात, त्यामुळे ‘४७ नंबरची गाडी’ एवढ्याने भागत नाही, कोणत्या दिवसाची हेही लागतं; एसआयडी आणि सीरियलचं नातं तसंच. १४७ नंबरचं सेशन बंद झालं की तोच १४७ पुढच्या कुणाला तरी मिळतो, सीरियल मात्र बदललेला असतो. तुम्ही नंबर कागदावर टिपला, चहा घेऊन आलात आणि मग किल सेशन (सेशन तोडायची कमांड) दिलं, तर मधल्या वेळात १४७ वर वेगळाच माणूस बसलेला असू शकतो. किल सेशनला ‘एसआयडी स्वल्पविराम सीरियल’ अशी जोडी द्यावी लागते ती यासाठीच. सीरियल जुळला नाही तर ऑरॅकल काहीच मारत नाही, आणि ते तुमच्या भल्याचं आहे.

व्ही डॉलर सेशन वाचायला गेलो की ‘टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट’ येतं.

व्ह्यू आहे, तुम्हाला परवानगी नाही. या एररचा, म्हणजे ओआरए ००९४२ चा, अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

परवानगी देताना डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, ‘ग्रँट सिलेक्ट ऑन व्ही डॉलर सेशन’ असं लिहितो आणि त्याला ओआरए ०२०३० हा एरर मिळतो. व्ही डॉलर सेशन हे फक्त सिनॉनिम, म्हणजे दुसरं नाव, आहे. खरा व्ह्यू व्ही अंडरस्कोर डॉलर सेशन. ग्रँट त्याच्यावर द्यायचा.

त्याहून जास्त वेळ खाणारा प्रकार: टूलमधून तीच क्वेरी चालते, प्रोसिजरमध्ये टाकली की कंपाइल होत नाही. परवानगी रोलमधून, म्हणजे परवानग्यांच्या गटातून, आलेली असते आणि नेहमीच्या प्रोसिजरमध्ये, म्हणजे मालकाच्या हक्काने चालणाऱ्या प्रोसिजरमध्ये, रोल धरले जात नाहीत. प्रोसिजरच्या मालकाला थेट ग्रँट द्या. आणि फक्त स्वतःचा नंबर हवा असेल तर सिस कॉन्टेक्स्ट वापरा, ग्रँटचा प्रश्नच येत नाही.

पोस्टग्रेसमध्ये?

सिलेक्ट पीजी बॅकएंड पीआयडी, रिकामे कंस. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस चालवतो, आणि मिळालेला आकडा त्या प्रोसेसचा खरा पीआयडी असतो. पीएस कमांडमध्येही तोच दिसेल. तपशील पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये, ‘व्हेअर पीआयडी बरोबर पीजी बॅकएंड पीआयडी’ लावून.

जुन्या स्क्रिप्टमध्ये प्रॉकपीआयडी असा कॉलम दिसला आणि एरर आला तर घाबरू नका. ९.२ आवृत्तीपासून त्याचं नाव पीआयडी झालं, करंट क्वेरीचं क्वेरी झालं. दुसऱ्या यूजरच्या क्वेरीच्या जागी ‘इनसफिशंट प्रिव्हिलेज’ दिसत असेल तर तुम्हाला पीजी मॉनिटर हा रोल हवा. तो १० पासून आहे. स्वतःची ओळख मात्र कुणालाही, कुठल्याही परवानगीशिवाय मिळते.

पीआयडीही कालांतराने पुन्हा वापरात येतो. इथे सीरियल नाही, म्हणून पीआयडीसोबत बॅकएंड स्टार्ट ही वेळ टिपून ठेवा.

मायएसक्यूएलमध्ये कनेक्शन आयडी घेतला, पण परफॉर्मन्स स्कीमामध्ये तो नंबर सापडत नाही.

कनेक्शन आयडी फंक्शन जो नंबर देतं तो शो प्रोसेसलिस्टमधला आयडी. परफॉर्मन्स स्कीमाच्या (सर्व्हरची अंतर्गत आकडेवारी ठेवणाऱ्या टेबलांच्या गटातल्या) थ्रेड्स टेबलात तो प्रोसेसलिस्ट आयडी या कॉलममध्ये असतो, थ्रेड आयडीमध्ये नाही. थ्रेड आयडी हा सर्व्हरचा आतला वेगळा क्रम आहे. ८.०.१६ पासून स्वतःचा थ्रेड आयडी पीएस करंट थ्रेड आयडी या फंक्शनने मिळतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच की किल कमांडला प्रोसेसलिस्टचाच आयडी द्यायचा. थ्रेड आयडी दिलात आणि योगायोगाने त्या नंबरचं कनेक्शन असलं, तर भलत्याचंच काम तुटेल.

आणखी एक. मायएसक्यूएलचा कमांड लाइन क्लायंट तुटलेलं कनेक्शन आपोआप पुन्हा जोडतो आणि नवा कनेक्शन आयडी छापतो. ती ओळ वाचा. नंबर बदलला म्हणजे सेशन नवं आहे: तुमची सेशन व्हेरिएबल, तात्पुरती टेबलं, अपुरं ट्रान्झॅक्शन, काहीही उरलेलं नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये?

सिलेक्ट अ‍ॅट अ‍ॅट एसपीआयडी. इथे एसपीआयडी म्हणजे सेशनचाच नंबर, ऑरॅकलसारखा प्रोसेसचा नव्हे. मॅनेजमेंट स्टुडिओत तर विचारायचीही गरज नाही, प्रत्येक क्वेरी विंडोच्या खालच्या पट्टीवर लॉगिनच्या नावापुढे कंसात तोच नंबर असतो. तपशिलासाठी सिस डॉट डीएम एक्झेक सेशन्स. ‘५० पर्यंतचे नंबर सिस्टीमचे’ हा जुना ठोकताळा सोडून द्या. त्या व्ह्यूत इज यूजर प्रोसेस असा स्वतंत्र कॉलम आहे, तो बघा.

माझ्या एकाच कॉम्प्युटरवर दोन विंडो उघड्या आहेत. सेशन एक की दोन?

टूलवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच प्रत्येक विंडोत नंबर विचारायची सवय लावा. मॅनेजमेंट स्टुडिओत प्रत्येक क्वेरी विंडोचं स्वतंत्र कनेक्शन असतं. ऑरॅकलच्या एसक्यूएल डेव्हलपरमध्ये उलट: एकाच कनेक्शनवर उघडलेल्या सगळ्या वर्कशीट एकच सेशन वापरतात. म्हणजे एका वर्कशीटमध्ये दिलेला कमिट (बदल कायम करण्याची कमांड) दुसरीतल्या अपडेटलाही लागू होतो. वेगळं सेशन हवं असेल तर अनशेअर्ड वर्कशीट उघडावी लागते, कंट्रोल शिफ्ट एन.

लॉकचा प्रयोग करून बघायला बसलेली मुलं दोन वर्कशीट उघडतात, दोन्हीकडे एकच ओळ अपडेट करतात, कुणीच थांबत नाही आणि ती म्हणतात की ऑरॅकल लॉक लावत नाही. दोन्हीकडे एसआयडी विचारला की एकच आकडा येतो. स्वतःच धरलेल्या लॉकसाठी कुठलंच सेशन थांबत नाही.

काट्यावर वजन सेव्ह होत नाही, स्क्रीन अडकली आहे. कोणतं सेशन मारू?

आधी काहीच मारू नका. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली असेल, गाडीवान हॉर्न देत असतील, चीफ अकाउंटंट साहेबांचा फोन येत असेल, तरी पाच मिनिटं नीट बघा. चुकीचं सेशन मारलं तर चालू असलेला दुसरा काटाही बंद पडतो.

समजा काटा क्रमांक ३ वर भरलेल्या गाडीचं वजन घेतलंय, सेव्ह दाबलंय आणि स्लिप निघत नाही. सगळ्यात आधी तुम्ही ज्या विंडोतून शोध घेणार आहात तिचा एसआयडी काढून बाजूला लिहा. मग व्ही डॉलर सेशनमध्ये ब्लॉकिंग सेशन हा कॉलम रिकामा नसलेल्या ओळी काढा. एक ओळ येते: यूजर काटा, एसआयडी २१२, ब्लॉकिंग सेशन १४७. म्हणजे २१२ हा काटा क्रमांक ३ आहे आणि तो बिचारा नुसता वाट बघतोय. त्याला मारून उपयोग नाही. पुन्हा लॉगिन केल्यावर तो त्याच जागी अडकेल.

आता १४७ ची ओळ बघा. स्टेटस इनॅक्टिव्ह, लास्ट कॉल ईटी १९००. इथे बरेच जण म्हणतात, ‘इनॅक्टिव्ह आहे, म्हणजे याचा काही संबंध नाही.’ संबंध याचाच आहे. इनॅक्टिव्ह म्हणजे या क्षणी कुठलंही स्टेटमेंट चालू नाही, एवढंच. कुणीतरी ऊस नोंदणीची ओळ अपडेट केली, कमिट दिला नाही आणि जागेवरून उठून गेलं. त्याला १९०० सेकंद झाले, अर्ध्या तासाहून जास्त. लॉक तसंच आहे. पोस्टग्रेस याच अवस्थेला ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असं स्पष्ट नाव देतो, आणि तिथे ९.६ पासून अशा सेशनला वेळेची मर्यादाही घालता येते.

आता बाजूला लिहिलेला नंबर बघा आणि तुमच्या बाकीच्या उघड्या विंडोंमध्येही एसआयडी विचारा. १४७ ही तुमचीच सकाळी उघडलेली दुसरी विंडो नाही ना? शेतकी विभागाने फोन करून ‘एवढं क्षेत्र दुरुस्त करा’ म्हटलेलं असतं, अपडेट दिलेला असतो, कमिट राहिलेला असतो. असं असेल तर मारामारीची गरजच नाही. त्या विंडोत जा, केलेला बदल तपासा, कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) द्या, काटा सुटतो. स्वतःचं सेशन ओळखता येण्याचा रोजचा फायदा हाच आहे.

तुमची नसेल तर मॉड्यूल, ओएस यूजर, मशीन यावरून माणूस शोधा आणि फोन करा. माणूस सापडलाच नाही तर ऑल्टर सिस्टीम किल सेशन, एसआयडी आणि सीरियल पुन्हा एकदा ताजे वाचून. त्याचं अपुरं काम रोलबॅक होईल, आणि लॉक तो रोलबॅक पूर्ण झाल्यावर सुटेल. अपडेट मोठा असेल तर वेळ लागतो. ‘सेशन मार्क्ड फॉर किल’ असा संदेश आला तर तो एरर समजून पुन्हा पुन्हा कमांड देऊ नका. ज्याचं सेशन गेलं त्याला ओआरए ०००२८ दिसतो. त्याला आधीच कळवून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचा फोन त्याचाच येतो.

पोस्टग्रेसमध्ये अडवणारा शोधायला पीजी ब्लॉकिंग पीआयडीज हे फंक्शन आहे. फक्त चालू क्वेरी थांबवायची असेल तर पीजी कॅन्सल बॅकएंड, सेशनच तोडायचं असेल तर पीजी टर्मिनेट बॅकएंड. आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशनवर कॅन्सलचा काही परिणाम होत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नसते.

चुकून स्वतःचंच सेशन मारलं तर?

ऑरॅकल नकार देतो, ओआरए ०००२७. एसक्यूएल सर्व्हरही नकार देतो, एरर ६१०४. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल अडवत नाहीत, तुमचं कनेक्शन तुटतं आणि कमिट न केलेलं काम जातं. म्हणून या दोन्हींसाठी ‘अमक्या यूजरची सगळी कनेक्शन तोडा’ अशी स्क्रिप्ट लिहिताना ‘स्वतःचा नंबर सोडून’ ही अट आधी घाला, बाकीच्या अटी मग.

आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर वेबवर आहे. कॅशियर मॅडमचं सेशन डेटाबेसमध्ये शोधायचं कसं?

असं थेट सापडणार नाही, कारण मॅडमचं सेशन वेब सर्व्हरवर आहे आणि डेटाबेसचं सेशन पूलमधलं आहे. सुरुवातीला वीसएक कनेक्शन उघडून ठेवलेली असतात. मॅडमनी भरणा पावती सेव्ह केली की त्यातलं एक त्या क्षणापुरतं वापरलं जातं आणि परत जातं. पुढच्या क्षणी तेच कनेक्शन पिग्मी एजंटच्या मोबाइलसाठी वापरलं जातं. डेटाबेसला दिसतं ते एकच यूजर, एकच मशीन, आणि पंधरा दिवसांपूर्वीचा लॉगऑन टाइम.

उपाय सॉफ्टवेअरच्या आत करावा लागतो, आणि तो करून घ्याच. कनेक्शन पूलमधून घेतल्याबरोबर त्याच्यावर खूण लावायची. ऑरॅकलमध्ये डीबीएमएस सेशनच्या सेट आयडेंटिफायरने कर्मचाऱ्याचा कोड, आणि डीबीएमएस अ‍ॅप्लिकेशन इन्फोच्या सेट मॉड्यूलने स्क्रीनचं नाव. दोन्ही लगेच व्ही डॉलर सेशनमध्ये दिसतात. पोस्टग्रेसमध्ये सेट अ‍ॅप्लिकेशन नेम. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून एसपी सेट सेशन कॉन्टेक्स्ट, पण तो त्या सेशनच्या आतच वाचता येतो, बाहेरून यादीत दिसत नाही.

खूण लावणं हे अर्धं काम. कनेक्शन पूलमध्ये परत देताना ती पुसणं हे उरलेलं अर्धं. पुसली नाही तर पुढच्या माणसाचं काम मॅडमच्या नावावर दिसेल. हा प्रकार खूण नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यात निरपराध माणसाला जाब द्यावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: पुसायची खात्री नसेल तर लावू नका.

मराठी नावं द्यायची इच्छा होते, मलाही आवडलं असतं. पण पोस्टग्रेसच्या अ‍ॅप्लिकेशन नेममध्ये फक्त साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं टिकतात. देवनागरी दिली तर जुन्या आवृत्त्यांत तिथे प्रश्नचिन्हं दिसतात, १६ पासून हेक्स कोड. कर्मचारी कोड रोमनमध्येच ठेवा.

आणि मध्ये पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससाठी कनेक्शनचा पूल सांभाळणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर बॅकएंड पीआयडी लक्षात ठेवण्यात अर्थच नाही. पुढचं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच बॅकएंडवर जाऊ शकतं. सेशनभर टिकणारी अ‍ॅडव्हायझरी लॉक आणि सेट केलेली व्हेरिएबल त्या मोडमध्ये भरवशाची राहत नाहीत.

आत्ता मी टाकलेल्या पावतीचा नंबर कधीकधी दुसऱ्या काउंटरचा येतो.

कुणीतरी ‘सिलेक्ट मॅक्स पावती नंबर’ लिहिलंय. मॅक्स सगळ्यांचा असतो, तुमचा एकट्याचा नव्हे. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी चार काउंटरवर एकदम पट्ट्या निघत असतील तर हे होणारच. स्वतःच्या सेशनचा आकडा मागा: मायएसक्यूएलमध्ये लास्ट इन्सर्ट आयडी, ऑरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्सचा करव्हॅल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्कोप आयडेंटिटी. पोस्टग्रेसमध्ये इन्सर्टलाच रिटर्निंग जोडणं सगळ्यात स्वच्छ. पूल असेल तर इन्सर्ट आणि हा प्रश्न एकाच कनेक्शनवर गेले पाहिजेत.

मॉनिटरिंगच्या क्वेरीत दर वेळी माझीच ओळ सगळ्यात वर येते.

तुम्ही बघताय म्हणजे तुमची क्वेरी चालू आहेच. ‘पीआयडी नॉट इक्वल पीजी बॅकएंड पीआयडी’ किंवा त्या-त्या डेटाबेसमधली तशीच अट घाला.

गट ऑफिसची लाइन गेली, कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा लॉगिन केलं तर जुनं सेशन अजून दिसतंय. ते माझंच ना?

होतं तुमचं, आता नाही. आताचा नंबर विचारून बघा, वेगळा येईल. समोरचा कॉम्प्युटर नीट निरोप न घेता गेला की सर्व्हरला ते लगेच कळत नाही, तो जुनी जोडणी जिवंत समजतो आणि तिची लॉक धरून ठेवतो. पाऊस सुरू झाला की शिराळा, वाळवा भागातून हे फोन वाढतात.

कळायला किती वेळ लागेल हे सेटिंगवर ठरतं. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मूळ सेटिंगला ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पहिली चौकशी करतो. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट मूळचा २८८०० सेकंद, आठ तास. ऑरॅकलमध्ये एसक्यूएलनेट एक्स्पायर टाइम मिनिटांत देतात, १० ठेवणं चांगलं. पोस्टग्रेसमध्ये टीसीपी कीपअलाइव्ह्ज आयडल कमी करा. लांबची ऑफिसं जोडलेली असतील तर ही सेटिंग पावसाळ्याआधीच करून घ्या.

तोवर जुनं सेशन अडथळा करत असेल तर मारा, पण नव्याचा नंबर त्यात येत नाही हे बघून.

ऑरॅकलचं दोन नोडचं रॅक आहे, म्हणजे एकच डेटाबेस दोन सर्व्हरवरून चालतो. तिथे?

एसआयडी प्रत्येक इन्स्टन्सपुरता (त्या नोडवर चालणाऱ्या ऑरॅकलपुरता) असतो, तोच १४७ दोन्हीकडे असू शकतो. सिस कॉन्टेक्स्टमधून इन्स्टन्सही विचारा, शोध जीव्ही डॉलर सेशनमध्ये घ्या आणि किल सेशनमध्ये तिसरा भाग म्हणून अ‍ॅट आणि इन्स्टन्स नंबर जोडा.

लेखापरीक्षकांसाठी प्रत्येक नोंदीसोबत सेशनचा नंबर साठवायचा आहे. कोणता साठवू?

नुसता एसआयडी किंवा एसपीआयडी साठवू नका, वर्षभराने त्यावरून काहीच कळणार नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाला की हे नंबर पुन्हा वाटले जातात. ऑरॅकलमध्ये नेहमीच्या यूजरसाठी ऑडएसआयडी इथे खरा उपयोगी पडतो, तो आहेच ऑडिटसाठी. सोबत लॉगऑन टाइम ठेवा. पोस्टग्रेसच्या लॉग लाइन प्रीफिक्समध्ये टक्का सी घातलं की प्रोसेस सुरू झाल्याची वेळ आणि पीआयडी मिळून बनलेला सेशनचा शिक्का प्रत्येक ओळीवर येतो. बाकी ठिकाणी सेशन नंबर, लॉगिनची वेळ आणि सर्व्हरचं नाव असे तीन कॉलम ठेवा. आणि पूल असेल तर या सगळ्याच्या जोडीला कर्मचारी कोडचा कॉलम हवाच, कारण लेखापरीक्षक माणूस विचारतात, कनेक्शन नाही.